दोघींची सायकल, एक दिवस: मांडवा ते अलिबाग आणि परत

पहिल्या खेपेला मी आणि माझी नणंद मांडव्याला बोटीतून उतरलो तेव्हा आमच्याकडे दोन सायकली, सहा थालीपिठं आणि शून्य अक्कल होती. चोंढीच्या नाक्यावर मी सहज मागे वळून बघितलं, तर वन्सं गायब. (मी तिला चेष्टेनंच वन्सं म्हणते, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे.) पंधरा मिनिटं वाट बघितली, मग उलटी फिरले. तीन-चार किलोमीटर मागे ती एका आंब्याखाली फतकल मारून बसली होती. मागचं चाक पार बसलेलं. ट्यूब तिच्या पिशवीत, पंप माझ्या पिशवीत, आणि तिचा फोनसुद्धा माझ्याच पिशवीत, कारण बोटीत "वहिनी, तुझ्याकडे जागा आहे ना, ठेव" असं झालं होतं.

त्यानंतर हाच रस्ता आम्ही आठ-नऊ वेळा केलाय. येऊन-जाऊन साधारण ४५ किलोमीटर, जवळजवळ सपाट, दोन चहा, एक जेवण. ज्यांनी शाळा सुटल्यावर सायकलला हात लावलेला नाही त्यांनाही जमेल असा दिवस आहे हा. आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

१. आधी दिवस ठरवा, आणि तो पंचांग बघून ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये जमतं, पण अकराच्या आत सावली गाठावी लागते. पावसात हा भाग देखणा दिसतो हे खरं, पण वाडीतल्या अरुंद रस्त्यांवर शेवाळ धरतं आणि नवख्या माणसाची सायकल वळणावर सरळ आडवी होते. पहिली खेप कोरड्या दिवसांतच करा.

वार मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी. शनिवार-रविवारी अर्धी मुंबई अलिबागला येते आणि उरलेली अर्धी रस्त्यात असते. नाताळ ते एक जानेवारी हे दिवस तर विसराच.

आता पंचांग. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. त्यासाठी पोचायची वेळ आणि ओहोटीची वेळ जुळायला हवी. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती भरतीची ढोबळ वेळ. आमचे सासरे हा हिशेब पाऊणकीच्या पाढ्यानं तोंडी करायचे. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वादहा-साडेदहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दर दिवशी वेळ पाऊण तासानं पुढे सरकते, कधी त्याहून पाच-दहा मिनिटं जास्त.

म्हणून आम्ही पंचमी किंवा षष्ठी धरतो. सप्तमी-अष्टमीला ओहोटीची वेळ आणखी सोयीची वाटते, पण तिथे फसगत आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं चढतही नाही आणि फारसं उतरतही नाही. घड्याळात ओहोटी आणि वाटेत मांडीभर पाणी, असा प्रकार होतो. हिशेब झाला तरी मोबाईलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक एकदा ताडून बघा.

२. सायकल: नवी घेऊ नका, असलेली नीट करा

गिअरची असेल तर बरं, नसली तरी चालेल. वन्सं पहिल्या तीन खेपा मुलाच्या जुन्या सायकलवर आली होती. मात्र या तीन गोष्टी बघाच.

सीटची उंची. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. बहुतेक जण सीट खाली ठेवतात, "पाय टेकले पाहिजेत" म्हणून. मग पंधरा किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागतात.

ब्रेक. गल्लीत नाही, उतारावर तपासा.

हवा भरायचा व्हॉल्व्ह. हे कुणीच सांगत नाही. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल. पण भारीतल्या सायकलींना बारीक, टोकाला छोटी चकती फिरणारा व्हॉल्व्ह असतो. त्यावर गावातल्या कॉम्प्रेसरचं तोंड बसत नाही. पितळेचं एक टिचभर अडॅप्टर मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांचं, ते व्हॉल्व्हलाच फिरवून ठेवा. तीच गोष्ट ट्यूबची: साध्या सायकलच्या मापाची ट्यूब चोंढीला मिळेल, भारीतल्या सायकलच्या सातशे मापाच्या चाकाची मिळेलच असं नाही. आपापल्या मापाची जवळ हवीच.

निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत वीस-पंचवीस किलोमीटरच्या दोन फेऱ्या घरच्या आसपास मारा. दोघींनी एकत्र. एकीनं रोज व्यायामशाळेत सायकल मारली असं चालत नाही. तिथे खड्डे नसतात आणि सोबतही नसते.

३. पिशवीत काय

दोघींकडे प्रत्येकी:
- स्वतःचा फोन, पूर्ण चार्ज केलेला. दुसरीच्या पिशवीत नाही
- आधार कार्ड, आणि घरच्यांचा नंबर कागदावर लिहून
- पाचशे-सहाशे रुपये रोख, त्यात दहा-वीसच्या नोटा. वाडीत नेटवर्क गेलं की शहाळेवाला आणि तुम्ही एकमेकांकडे बघत बसता
- स्वतःच्या मापाची एक ट्यूब
- पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू
- हेल्मेट, मागचा लाल दिवा, टोपी, एक जुना पंचा

दोघींत मिळून एक: हातपंप, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, षटकोनी चाव्यांचा जुडगा, चेनच्या तेलाची छोटी बाटली, बँडेज, सायकल बांधायला दोन लवचिक दोऱ्या आणि कुलूप. हा जुडगा कोणाकडे, ते पाचव्या पायरीत येईल, त्याला कारण आहे.

जीन्स नको. मांडीच्या आतल्या शिवणीनं जे होतं ते दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना कळतं.

४. बोट

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाड्या घेऊन जाणारी मोठी बोट. सायकलही घेते, तासाभरात मांडवा. माणसाचं तिकीट वेगळं आणि सायकलचं वेगळं. तिकीट आदल्या दिवशीच काढा, सकाळची पहिली फेरी निवडा आणि परतीचंही तेव्हाच काढून टाका. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. गेटवेवरून सुटणाऱ्या साध्या लाँचवर सायकल घेतील की नाही हे त्या-त्या वेळच्या गर्दीवर आणि माणसाच्या मर्जीवर असतं, तो जुगार नको.

धक्क्याला सगळ्यात जवळचं स्टेशन हार्बरचं डॉकयार्ड रोड. आम्ही मात्र पहाटे सायकलीवरूनच जातो. साडेपाचला मुंबईचे रस्ते कसे असतात हे एकदा बघण्यासारखं आहे, आणि मासळीच्या टेम्पोंपासून जपण्यासारखंही. धक्क्याच्या तोंडाशी रस्ता कायम ओला असतो. तिथे उतरून हातात सायकल धरून चाला.

बोटीत सायकल गाड्यांच्या डेकवर ठेवायची. नुसती टेकवून ठेवली तर बोट हलली की कुणाच्या तरी मोटारीच्या दारावर पडते. कठड्याला दोरीनं बांधा आणि मगच वर जा.

पुण्याहून येणार असाल तर बोटीची भानगडच नाही. गाडीला सायकली लावून अलिबागला या आणि हाच रस्ता उलटा करा. तुम्हाला एक फायदाही आहे, तो नवव्या पायरीत सांगते.

५. मागे पडणारी पुढे

या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल, ती ही. दोघींत जिचा वेग कमी, तिनं पुढे चालवायची. जी दमदार, तिनं मागे.

दमदार बाई पुढे असली की ती नकळत वेग वाढवते. मागची दम खाऊन खाऊन तिला गाठते, आणि गाठेपर्यंत पुढचीची विश्रांती झालेली असते, "चल" म्हणून ती निघते. म्हणजे जिला विश्रांतीची गरज ती कधीच थांबत नाही. शिवाय मागे काय झालं ते पुढचीला कळतच नाही. आंब्याखालचा प्रसंग वर सांगितलाच आहे.

म्हणून पंप, चाव्या, औषधं हा सगळा जुडगा मागचीकडे. पुढे काहीही झालं तर ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. थांबायचं कधी हे पुढची ठरवणार, तेही न विचारता, न सांगता. मागचीनं "आत्ताच तर थांबलो" म्हणायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं.

मोठ्या रस्त्यावर एकामागे एक, गप्पा नाहीत. गप्पांसाठी वाडीतले रस्ते आहेत.

६. मांडवा ते अलिबाग: मोठा रस्ता टाळत

मांडव्याच्या धक्क्यावर उतरलात की पहिलं काम स्वच्छतागृह. पुढची खात्रीची सोय थेट चहा-नाश्त्याच्या हॉटेलातच. बायकांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये, मी "नंतर बघू" म्हणून पाणी पिणंच टाळलं होतं आणि दुपारी डोकं धरून बसले होते.

मांडव्याहून सासवणे, आवास, किहीम अशी गावं किनाऱ्याच्या कडेनं लागत जातात. रेवस-अलिबाग हा मोठा रस्ता आतल्या बाजूनं जातो. तुम्ही गावागावांतून जा, जिथे वाट संपेल तिथे विचारा. "चोंढी कुठून?" एवढंच विचारायचं, नकाशा बघत बसू नका. नकाशा नेहमी मोठ्या रस्त्यावर ढकलतो.

सासवणेला शिल्पकार विनायक करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालय. पुण्यातला शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा भव्य पुतळा ज्यांनी घडवला ते हे करमरकर. लहानपणी याच गावात भिंतीवर काढलेलं त्यांचं चित्र रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टरनं बघितलं आणि त्यांना जे. जे. मध्ये शिकायला धाडलं. तिथे अर्धा तास ठेवाच. वन्सं एका म्हशीच्या शिल्पासमोर इतका वेळ उभी होती की मला वाटलं आता ती धार काढायला बसते.

पुढे रस्ता नारळी-पोफळींतून जातो. दोन्ही बाजूंना गडगे, वरून झावळ्यांची सावली, कुठे रहाटाच्या जागी आता मोटरचा आवाज. इथे ताशी दहा-बाराच्या वर जाऊच नका. एक तर वळणावर अचानक सहा आसनी रिक्षा येते, आणि दुसरं म्हणजे घाई कसली आहे? किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३०च्या सुमारास सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो याच झाडीत.

किहीमहून चोंढी गाठा आणि तिथे पहिला मोठा थांबा घ्या. पोहे, चहा, हवा तपासणे. इथून कनकेश्वराचा डोंगर दिसतो, वर देऊळ आहे. "पटकन जाऊन येऊ" असं कुणाच्या तरी मनात येतंच. सातशेच्या वर पायऱ्या आहेत. ज्या पायांनी परत जायचंय ते त्या पायऱ्यांवर खर्च करू नका.

चोंढीनंतर थळपर्यंत थोडा भाग मोठ्या रस्त्यानं जावं लागतं. खताच्या कारखान्याचे ट्रक असतात. पांढऱ्या पट्टीच्या आत, सरळ रेषेत, दिवा लावून. थळ गावात शिरून किनाऱ्यावर गेलात तर समोर दोन बेटं दिसतात: मोठं खांदेरी, धाकटं उंदेरी. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलं, आणि पाठोपाठ जंजिऱ्याच्या सिद्दीनं उंदेरीवर तटबंदी उभारली, म्हणजे शेजाऱ्यानं भिंत घातली की आपणही घालायची तसं. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत खांदेरी आहे. इथून वरसोलीवरून अलिबाग जवळच.

७. किल्ला आणि पाणी

अलिबागच्या किनाऱ्यावर सायकल वाळूत नेऊ नका. चेनमध्ये वाळू गेली की परतीच्या वाटेवर ती दाण्याची चक्की होते. ओळखीच्या टपरीवर दोन्ही सायकली एकमेकींना कुलूप घालून ठेवा, तिथेच दोन शहाळी घ्या म्हणजे लक्षही राहतं.

किल्ल्याकडे निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा, "पाणी कधी फिरणार?" कोष्टकापेक्षा त्याचा शब्द खरा. पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी निघालात तर आत एक-दीड तास निवांत मिळतो. आत गोड्या पाण्याचं पुष्करणी तळं आणि सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. उशीर झाला असेल तर घोडागाडीनं जा, त्यात कमीपणा नाही. आणि पाणी फिरलेलं दिसलं तर किल्ला सोडून द्या. "एवढं लांब आलो तर" हे वाक्य समुद्राला कळत नाही.

किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताना तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक उपकरणांना त्या विजेचा उपद्रव होणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये ती इकडे आणली. बाहेरून बघून पुढे जायचं, पण ट्रामला घाबरून अलिबागला आलेली वेधशाळा ही कल्पना मला फार आवडते. आपणही साधारण त्याच कारणानं आलेलो असतो.

८. जेवण: निम्मं

घरगुती खानावळी पुष्कळ आहेत. सकाळी चोंढीहून फोन करून सांगून ठेवा, नाहीतर दीडला पोचल्यावर "भाकरी संपल्या" ऐकावं लागतं. हिवाळ्यात बिरड्याची उसळ मिळाली तर मासळी बाजूला ठेवा, इतकी ती चांगली असते. नेहमीपेक्षा निम्मं जेवा. भातावर सोलकढी आणि वर आणखी एक सुरमई असं केलं की तीन वाजता सायकल नाही, खाट दिसते.

आणि हो, उपवास आधी विचारून घ्या. आमची एक खेप गुरुवारी होती, वन्सं दत्ताचा गुरुवार करते हे मला अलिबागच्या टेबलावर कळलं. तिनं केळी आणि शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, मी तिच्यासमोर पापलेट. तो दिवस थोडा गप्पच गेला.

फेब्रुवारीनंतर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हाच तो अलिबागचा कांदा, गोडसर, कच्चा खाण्याजोगा. घ्या जरूर, पण हँडलला अडकवू नका. वन्संनं अडकवली होती. उतारावर माळ झुलली, पातीची वेणी पुढच्या चाकाच्या तारांत गेली, चाक जागच्या जागी थांबलं आणि ती हळूच, अगदी सावकाश, कडेच्या गवतात लवंडली. तळहात खरचटला. कांदे मात्र रस्ताभर, आणि समोरून येणारी एस.टी. थांबवून कंडक्टरनं आम्हाला ते गोळा करू दिले. माळ पाठीवरच्या पिशवीत, किंवा कॅरिअरला दोन ठिकाणी बांधून.

९. परतीचा वारा

मुंबईहून आलेल्यांसाठी हा खरा सापळा. सकाळी वारा पडलेला असतो, पाय ताजे असतात, आणि अलिबागला पोचल्यावर वाटतं, अरे, काहीच नाही! दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. मांडवा अलिबागच्या उत्तरेला. म्हणजे दमलेले पाय, भरलेलं पोट आणि तोंडावर वारा. सकाळी जे दोन तासांत झालं त्याला आता अडीच-पावणेतीन लागतात. पुण्याहून येऊन अलिबागहून सुरुवात करणाऱ्यांना हाच वारा पाठीवर मिळतो, तो फायदा मी म्हणत होते.

परतीच्या बोटीच्या साडेतीन तास आधी अलिबाग सोडा. आणि इथे, फक्त इथे, पाचव्या पायरीतला नियम उलटा करायचा. उघड्या रस्त्यावर दमदार बाई पुढे, दुसरी तिच्या मागे एक सायकलभर अंतर सोडून, वाऱ्याच्या आडोशाला. वेग मात्र मागचीनं सांगायचा. आमची खूण ठरलेली आहे: एकदा घंटी म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब. पंप अर्थातच आता मागे नाही, पण तुम्ही हाकेच्या अंतरावर आहात, आणि घंटी ऐकू येत नसेल तर अंतर जास्त झालंय. झाडीत शिरलात की पुन्हा मूळ क्रम.

बोट चुकली तर? पुढची असेल तर ठीक. शेवटचीच असेल तर रात्री अंधारात रस्त्यानं मुंबईला जायचा विचारही करू नका. मांडवा-किहीमकडे मुक्कामाच्या खोल्या मिळतात, घरी फोन करा आणि झोपा.

१०. घरी पोचल्यावर

त्याच रात्री, कितीही कंटाळा आला तरी, सायकलवरून गोड्या पाण्याचा ओला पंचा फिरवा आणि चेन कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचे थेंब सोडा. खारी हवा आठवड्यात चेन तांबडी करते. तारांच्या आणि ब्रेकच्या बेचक्यात बोट घालून बघा. परवाच वन्संच्या पुढच्या ब्रेकमधून मी कांद्याचं एक वाळकं टरफल काढलं, गेल्या मार्चमधलं.